पॉपअप काढायच्या आधी ते येतंय कुठून ते शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: विंडोजचा लॅपटॉप, त्यावर क्रोम, उजव्या कोपऱ्यात सारखे "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले" असे डबे येतात, मधेच आपोआप नवीन टॅब उघडून जाहिराती लागतात, आणि काही सर्च केलं की भलत्याच साइटवरून फिरून रिझल्ट येतात. अँटीव्हायरसचा फुल स्कॅन केलात, काही सापडलं नाही. क्रोम काढून परत टाकलंत, थोडे दिवस बरे गेले आणि परत तेच. आता फॉरमॅटच मारू का?

फॉरमॅट जरा थांबवा. तुम्ही ज्याला एक प्रॉब्लेम म्हणताय ते बहुतेक दोन किंवा तीन वेगळे प्रॉब्लेम आहेत आणि प्रत्येकाचं मूळ वेगळ्या जागी आहे. आणि हे सगळ्यात जास्त लोक चुकतात, की पॉपअप दिसलं की लगेच अँटीव्हायरस, मग दुसरा अँटीव्हायरस, मग कुठला तरी "क्लीनर" डाउनलोड, आणि तो क्लीनरच स्वतःचे पॉपअप दाखवायला लागतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. कोपऱ्यातला डबा हा बऱ्याचदा व्हायरस नसतोच, ती तुम्हीच कधीतरी दिलेली परवानगी असते, त्यामुळे स्कॅनमध्ये सापडणार काय? फाइल असेल तर सापडेल ना.

क्रोम परत टाकून का फरक पडला नाही तेही सांगतो. विंडोजवर क्रोम अनइन्स्टॉल करताना एक टिक विचारतो, ब्राउझिंग डेटा पण काढू का म्हणून. ती टिक केली नाही तर तुमची पूर्ण प्रोफाइल, सेटिंग, परवानग्या, एक्स्टेन्शन (म्हणजे क्रोमला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम) सगळं जसंच्या तसं डिस्कवर राहतं आणि नवीन क्रोम तेच उचलतो. आणि टिक केली तरी तुम्ही गूगल अकाउंटने साइन इन करून सिंक (सगळ्या मशीनवर सेटिंग सारखं ठेवायची सोय) चालू केलंत की एक्स्टेन्शन अकाउंटमधून परत खाली उतरतात. म्हणजे येरे माझ्या मागल्या.

तर आधी शोधायचं. त्यासाठी काहीही इन्स्टॉल करायची गरज नाही. कोपऱ्यातला डबा कुठून येतो ते बघा, क्रोम पूर्ण बंद असताना पण येतो का ते बघा. मग क्रोममध्ये एक नवीन, कोरी प्रोफाइल बनवा, साइन इन न करता, आणि त्यात थोडा वेळ नेहमीसारखं काम करा. तिथे त्रास नसेल तर गडबड जुन्या प्रोफाइलमध्ये आहे, म्हणजे परवानगी किंवा एक्स्टेन्शन. नवीन प्रोफाइलमध्ये पण तेच होत असेल तर दुसरा ब्राउझर उघडून बघा, एज तर विंडोजमध्ये असतोच. एजमध्ये पण असेल तर ब्राउझरच्या बाहेर काहीतरी आहे. मग लॅपटॉप वायफायवरून काढून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या, आणि तिथे जर सगळं ठीक चाललं तर लॅपटॉप सोडा, राउटर बघा. ह्या चार टेस्ट केल्या की निम्मं काम झालं, पण कोणी करत नाही, सगळ्यांना थेट औषध पाहिजे असतं.

आता कोपऱ्यातले डबे. हे विंडोजच्या नोटिफिकेशनसारखे दिसतात म्हणून माणूस घाबरतो, पण नीट बघा, त्यात बारीक अक्षरात क्रोमचं नाव आणि एका साइटचं नाव असतं. ती साइट गुन्हेगार. ब्राउझरमधून असे पुश नोटिफिकेशन पाठवायची सोय क्रोममध्ये २०१५ मध्ये आली आणि स्पॅमवाल्यांना घबाडच मिळालं. त्याआधी त्यांचं हत्यार म्हणजे साधी पॉपअप विंडो, म्हणजे पान उघडलं की मागे-पुढे दुसरी खिडकी. (तो कोड लिहिणाऱ्यांपैकी एक इथन झुकरमन, त्यांनी २०१४ मध्ये एका लेखात चक्क त्याबद्दल माफी मागितली.) २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ बरोबर इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पॉपअप ब्लॉकर आला, फायरफॉक्समध्ये पण होता, मग तो धंदा बसला. नोटिफिकेशनला मात्र पॉपअप ब्लॉकर लागू होत नाही, कारण ब्राउझरच्या दृष्टीने तुम्ही "अलाऊ" म्हणालेला असता.

तुम्ही म्हणाल मी कधीच अलाऊ केलं नाही. केलेलं असतं, फक्त कळलेलं नसतं. फुकट पिक्चर, मॅचचं लाइव्ह स्ट्रीमिंग, क्रॅक सॉफ्टवेअर, पीडीएफ कन्व्हर्टर अशा पानांवर "तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा" किंवा "व्हिडिओ सुरू करायला अलाऊ दाबा" असं लिहिलेलं असतं, आणि वर ब्राउझरचा खरा परवानगीचा डबा आलेला असतो. माणूस व्हिडिओच्या नादात दाबतो. खरी कॅप्चा (तुम्ही रोबोट नाही हे तपासणारी चाचणी) कधीही नोटिफिकेशनची परवानगी मागत नाही, एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

काढायचं कसं: क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. खाली परवानगी असलेल्या साइटची यादी दिसेल. ज्या नावांना तुम्ही ओळखत नाही, ज्यात अक्षरांची खिचडी आहे, त्यांच्यासमोरचे तीन ठिपके दाबून "ब्लॉक" करा. नुसतं "रिमूव्ह" केलं तर ती साइट पुढच्या वेळी परत विचारू शकते, ब्लॉक केलं की विचारू पण शकत नाही. मी तर लोकांना सांगतो की वर डीफॉल्ट सेटिंगच अशी करा की कुठल्याच साइटने नोटिफिकेशनसाठी विचारायचं नाही. मेल आणि कॅलेंडर सोडून ब्राउझरमधून नोटिफिकेशनची खरी गरज किती जणांना असते? फायरफॉक्समध्ये हेच प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमधल्या परमिशन्सखाली मिळेल आणि नवीन विनंत्या ब्लॉक करायची टिक तिथेच आहे. एजमध्ये साइट परमिशन्समध्ये शोधा.

आणि ज्यांना क्रोम बंद असताना पण डबे येतात त्यांनी क्रोमच्या सेटिंग्जमधल्या सिस्टिम भागात जाऊन "क्रोम बंद केल्यावर बॅकग्राउंड ॲप्स चालू ठेवा" हे बंद करा. खिडकी बंद केली म्हणजे क्रोम बंद झाला असं नसतं, तो मागे चालू राहू शकतो आणि तिथून नोटिफिकेशन येतच राहतात.

तुमच्या तीन तक्रारींपैकी पहिली माझ्या अंदाजाने इथेच मिटेल.

दुसरी आणि तिसरी, म्हणजे आपोआप टॅब आणि सर्चचं फिरणं, ह्याचा पहिला संशयित एक्स्टेन्शन. मेनूतून एक्स्टेन्शनचं पान उघडा आणि एकेक वाचत जा. फक्त अनोळखी नावं शोधू नका, कारण ह्यातला खरा घोळ ओळखीच्या नावांचाच असतो. एक्स्टेन्शन चांगलं असतं, लाखो लोक वापरत असतात, बनवणारा कंटाळतो आणि विकून टाकतो, नवीन मालक अपडेटमधून जाहिरातीचा किंवा ट्रॅकिंगचा कोड घुसवतो, आणि अपडेट आपोआप होत असल्यामुळे तुम्हाला पत्ता लागत नाही. द ग्रेट सस्पेंडर नावाचं टॅब झोपवणारं एक्स्टेन्शन होतं, भलतंच लोकप्रिय, ते २०२० मध्ये विकलं गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने मालवेअर म्हणून सगळ्यांच्या क्रोममधून बंद केलं. नॅनो ॲडब्लॉकरचं पण २०२० मध्ये तसंच झालं, जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन स्वतःच घरभेदी निघालं. डिसेंबर २०२४ मध्ये तर सायबरहेवन ह्या सिक्युरिटी कंपनीचंच एक्स्टेन्शन हातचं गेलं, कारण त्यांच्या माणसाला फसवा मेल पाठवून डेव्हलपर अकाउंटचा ताबा घेतला आणि त्यातून बिघडवलेलं अपडेट सोडलं. म्हणून "हे तर मी कित्येक वर्षं वापरतोय" हा पुरावा धरू नका.

पद्धत सोपी आहे. सगळी एक्स्टेन्शन बंद करा, एकूण एक. त्रास थांबला का बघा. थांबला तर एकेक चालू करत जा आणि प्रत्येकानंतर थोडा वेळ नेहमीचं काम करा, कारण काही एक्स्टेन्शन शहाणी असतात, लगेच काही करत नाहीत. दरम्यान प्रत्येकाचे डीटेल्स उघडून परवानग्या बघा. "सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे" असं जिथे लिहिलंय ते एक्स्टेन्शन तुमच्या बँकेचं पान पण वाचू शकतं. ॲडब्लॉकरला ती परवानगी लागतेच, पासवर्ड मॅनेजरला पण लागते, ते ठीक, पण नवीन टॅबवर सुंदर फोटो दाखवणाऱ्याला, हवामान दाखवणाऱ्याला, कूपन शोधणाऱ्याला कशाला? काढा. तुम्हाला नंतर लागलं तर परत घेता येईल, आणि माझा अनुभव असा की लागत नाही.

काढल्यावर लगेच सिंककडे बघा. घरचा लॅपटॉप साफ केला आणि ऑफिसच्या किंवा जुन्या पीसीवर त्याच अकाउंटमध्ये ते एक्स्टेन्शन अजून बसलेलं असेल तर सिंकची ढकलाढकली सुरूच राहते. साफसफाई चालू असताना सिंक बंद ठेवा, सगळ्या मशीनवरून ते एक्स्टेन्शन गेलं की मगच चालू करा.

मग येतो हट्टी प्रकार. एक्स्टेन्शनसमोर रिमूव्हचं बटणच नाही, किंवा ते करडं झालंय, आणि मेनूच्या तळाशी "तुमचा ब्राउझर तुमच्या ऑर्गनायझेशनकडून मॅनेज केला जातो" असं लिहिलेलं दिसतं. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर हे बरोबरच आहे, तिथे हात लावू नका, आयटीवाल्यांना विचारा. काही अँटीव्हायरस आणि पासवर्ड मॅनेजर पण अशी पॉलिसी (म्हणजे ब्राउझरवर बाहेरून लादलेली सेटिंग) टाकतात, त्यामुळे ते वाक्य दिसलं म्हणजे लगेच मालवेअर असंही नाही. पण स्वतःच्या लॅपटॉपवर, काहीच कारण नसताना हे दिसलं तर कोणीतरी कंपन्यांसाठी बनवलेली सोय तुमच्यावर वापरलीय. ॲड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन स्लॅश आणि पॉलिसी असं इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. जे पान उघडेल त्यावर लागू असलेल्या पॉलिसींची यादी असते. त्यात एक्स्टेन्शन जबरदस्तीने बसवणारी ओळ दिसली, "एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट" नावाची, किंवा होमपेज, सर्च इंजिन लादणारी काही ओळ दिसली, तर चोर सापडला.

ही पॉलिसी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली सेटिंग जिथे साठवतं तिथे, बसलेली असते. रजिस्ट्री एडिटर उघडून लोकल मशीनच्या भागात सॉफ्टवेअर, त्यात पॉलिसीज, त्यात गूगल, त्यात क्रोम असं उघडत जा, आणि तसंच करंट युजरच्या भागात पण बघा. तिथली क्रोम नावाची "की" (रजिस्ट्रीतला फोल्डर) आधी एक्स्पोर्ट करून ठेवा, मग डिलीट करा, क्रोम पूर्ण बंद करून उघडा आणि पॉलिसीचं पान परत बघा. रजिस्ट्रीत गेलो आहोत तर अजून थोडी सफाई करू असा मोह आवरा, फक्त तेवढीच एक "की" काढा. रीस्टार्टनंतर पॉलिसी परत आली तर कोणीतरी ती परत लिहितंय, म्हणजे मशीनवर प्रोग्रॅम आहे, त्याच्याकडे आता येतोच. आणि हेही सांगून ठेवतो, क्रोमचं रीसेट बटण पॉलिसीला हात लावत नाही. बरेच जण चार-चारदा रीसेट मारतात आणि कंटाळतात ते ह्याच्यामुळेच.

अजून एक फालतू पण नेहमी सुटणारी जागा म्हणजे डेस्कटॉपवरचा शॉर्टकट. क्रोमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टार्गेटचा डबा. ओळ क्रोमच्या ईएक्सई फाइलच्या नावावर संपायला पाहिजे, प्रोफाइलचं नाव असलं तर ठीक, पण पुढे वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर प्रत्येक वेळी तेच पान उघडणार. शॉर्टकट डिलीट करून नवीन बनवा, टास्कबारवरचा पण. सर्च इंजिन आणि सुरुवातीचं पान सेटिंग्जमध्ये जाऊन नीट करा, त्यात विशेष काही नाही.

आता ब्राउझरच्या बाहेरचं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इन्स्टॉल केलेल्या ॲप्सची यादी उघडा आणि ती तारखेप्रमाणे लावा. त्रास कधी सुरू झाला हे साधारण आठवा आणि त्या सुमाराला काय काय आलंय ते बघा. फुकटच्या व्हिडिओ प्लेयरबरोबर, ड्रायव्हर अपडेटरबरोबर, पीडीएफ एडिटरबरोबर जोडीने आलेला एखादा "सर्च असिस्टंट", "वेब कंपॅनियन" टाइप प्राणी त्याच दिवशीच्या तारखेने बसलेला असतो. काढा. मग टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपचा टॅब, आणि मग टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारं विंडोजचं टूल, जे कोणी उघडून बघत नाही. ठरावीक वेळाने आपोआप टॅब उघडतोय, म्हणजे अगदी घड्याळ लावल्यासारखा, तर बहुतेक तिथे एक टास्क बसवलेला असतो ज्याची ॲक्शन म्हणजे ब्राउझर उघडून अमुक पत्ता लावा. टास्क शेड्यूलर लायब्ररीत एकेका टास्कची ॲक्शन वाचा. मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरमध्ये उगाच काही उडवू नका. खात्री नसेल तर डिलीट न करता डिसेबल करा आणि एक-दोन दिवस बघा. जरा सराव असलेल्यांनी मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स घ्यावं, आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या गोष्टी एका जागी दिसतात, पण त्यात इतकं काही दिसतं की नवीन माणूस घाबरून भलतंच बंद करून बसतो.

इथपर्यंत हाताने केलं की आता स्कॅनरचा उपयोग. माझी पसंती ॲडक्लीनरला. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि मुद्दाम ॲडवेअर (जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर), टूलबार, ब्राउझर हायजॅकर (ब्राउझरचा ताबा घेणारे) ह्याच माळेतल्या मण्यांसाठी बनवलंय. २०१६ पासून ते मालवेअरबाइट्सकडे आहे, त्यांच्याच साइटवरून घ्या. सर्चमध्ये सगळ्यात वर जाहिरातीत दिसणाऱ्या लिंकवरून नको, एकतर तुमचा सर्च आधीच बिघडलेला आहे आणि त्यातून क्लीनिंग टूल शोधणं म्हणजे चोरालाच पोलीस स्टेशनचा पत्ता विचारणं. शक्य असेल तर दुसऱ्या चांगल्या मशीनवर डाउनलोड करून पेनड्राइव्हने आणा. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीमधला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन चालवा. हा मशीन रीस्टार्ट करून विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधी तपासतो, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून बसणाऱ्याला लपायला जागा राहत नाही. साधारण १५ मिनिटं लागतात, उघडी कामं सेव्ह करून बसा. तिथेच रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शनमध्ये "पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग" चालू आहे का बघून घ्या.

जुन्या व्हिडिओंमध्ये अजून सांगतात की क्रोमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन "क्लीन अप कॉम्प्युटर" दाबा. ते शोधण्यात वेळ घालवू नका, गूगलने ते टूल मार्च २०२३ मध्ये क्रोम १११ पासून काढून टाकलं.

एकाच वेळी दोन-तीन अँटीव्हायरस टाकायचा प्रकार मात्र करू नका. ते एकमेकांच्या पायात पाय घालतात, मशीन रांगायला लागतं, आणि कुणामुळे काय झालं ते शेवटी कुणालाच सांगता येत नाही.

प्रॉक्सी (तुमचं इंटरनेट ज्यातून फिरवलं जातं तो मधला सर्व्हर) आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा). हॉटस्पॉटच्या टेस्टमध्ये फरक पडला असेल तर हे वाचा, नाहीतर फक्त प्रॉक्सी बघून पुढे जा. विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये प्रॉक्सीच्या पानावर मॅन्युअल प्रॉक्सी चालू असेल आणि ती तुम्ही किंवा ऑफिसने लावलेली नसेल तर बंद करा. राउटरमध्ये लॉग इन करून डीएनएसचे पत्ते बघा, ऑटोमॅटिक असावेत किंवा तुम्ही स्वतः टाकलेले. तिसरंच काही दिसलं तर राउटर फॅक्टरी रीसेट, फर्मवेअर अपडेट, आणि ॲडमिनचा पासवर्ड बदला, जो बहुतेक घरांमध्ये डब्यातून आला तसाच असतो. हे काही कल्पनेतलं नाही. डीएनएसचेंजर नावाच्या मालवेअरने नेमकं हेच करून ४० लाखांच्या आसपास कॉम्प्युटर आपल्या सर्व्हरकडे वळवले होते, नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने ती टोळी पकडली, आणि ते सर्व्हर एकदम बंद केले असते तर एवढ्या लोकांचं इंटरनेटच गेलं असतं म्हणून कोर्टाच्या परवानगीने ९ जुलै २०१२ पर्यंत त्यांच्या जागी चांगले सर्व्हर चालवावे लागले.

मधेच कधी पूर्ण स्क्रीन व्यापणारं पान येतं, भोंगा वाजतो, "कॉम्प्युटर लॉक झालाय, ह्या नंबरवर फोन करा", त्याबद्दल. ते नुसतं वेबपेज आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. एस्केप दाबून धरा, नाही जमलं तर एफ ११, नाही जमलं तर कंट्रोल शिफ्ट एस्केपने टास्क मॅनेजर काढून ब्राउझरच मारून टाका. परत उघडल्यावर "आधीची पानं रिस्टोर करू का" विचारेल, नाही म्हणा. कोणी फोन केला असेल आणि समोरच्याच्या सांगण्यावरून रिमोटचं ॲप टाकलं असेल तर मग ते साधं पॉपअप राहिलं नाही. इंटरनेट तोडा, ते ॲप काढा, आणि दुसऱ्या मशीनवरून बँक आणि मेल बघा.

आता ह्या सगळ्यात मला ज्याची खरी काळजी वाटते ते. पॉपअप दाखवणारं मालवेअर आवाज करतं, कारण त्याचा पैसा जाहिरात दिसण्यात आहे. वाईट मालवेअर काहीच दाखवत नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत एक प्रकार फार वाढलाय: पानावर कॅप्चासारखं काहीतरी येतं आणि सांगतं की विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. म्हणजे पानाने तुमच्या क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं जिथे साठतं तिथे) गुपचूप एक कमांड टाकलेली असते आणि तुम्ही ती रनच्या डब्यात चिकटवून स्वतःच्या हाताने चालवता. ह्याला क्लिकफिक्स म्हणतात. मॅकवर टर्मिनल उघडायला सांगतात, बाकी तेच. ह्यातून बऱ्याचदा जे उतरतं ते इन्फोस्टीलर, म्हणजे ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड आणि कुकीज (लॉग इन टिकवून ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) उचलून पाठवून देतं, काही मिनिटांत काम आटोपतं, आणि नंतर मशीनवर काही उरेलच असं नाही. लुमा नावाचा असाच एक स्टीलर, मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये त्याच्यावर कारवाई केली तेव्हा सांगितलं की १६ मार्च ते १६ मे एवढ्या दोन महिन्यांतच ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज कॉम्प्युटर त्याने बाधित झालेले दिसले.

म्हणून आठवा आणि खरं सांगा, लाजायचं काही नाही: तुम्ही असं काही चिकटवून एंटर मारलं होतं का? किंवा एखाद्या पानावरून "क्रोम अपडेट" डाउनलोड करून चालवलं होतं का? क्रोम स्वतःला आतूनच अपडेट करतो, मेनूत हेल्प आणि अबाउट क्रोममध्ये दिसतं, वेबपेजवरून अपडेटची फाइल कधीच देत नाही. ह्यातलं काही केलं असेल तर आत्तापर्यंतची साफसफाई पुरेशी नाही. दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून किंवा फोनवरून आधी मेलचा पासवर्ड बदला, मग बँक, मग बाकी. नुसता पासवर्ड बदलून पण भागत नाही, प्रत्येक अकाउंटच्या सिक्युरिटी पानावर जाऊन "सगळ्या डिव्हाइसवरून लॉग आउट" करा, कारण चोरलेल्या कुकीने तो आधीच आत बसलेला असू शकतो आणि तिथे ओटीपी पण विचारला जात नाही. बिघडलेल्या मशीनवर बसून पासवर्ड बदलू नका, नवीन पासवर्ड पण तिकडेच जाईल.

फोनबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण घरात कोणाला तरी असणारच, म्हणून थोडक्यात. अँड्रॉइडवर क्रोमची नोटिफिकेशन वरच्यासारखीच काढायची. होम स्क्रीनवर असताना, काहीच उघडलेलं नसताना फुल स्क्रीन जाहिरात येत असेल तर ते ब्राउझरचं काम नाही, एखादं ॲप आहे. जाहिरात आली की लगेच रिसेंट ॲप्सचं बटण दाबा, ती कोणाच्या नावावर चालली आहे ते बऱ्याचदा तिथेच दिसतं. सेटिंग्जमध्ये "इतर ॲप्सच्या वर दिसण्याची" परवानगी कोणाकोणाला आहे ती यादी बघा, क्यूआर स्कॅनरला किंवा टॉर्चला ती लागायचं कारण नाही. ॲप निघत नसेल तर डिव्हाइस ॲडमिनमधून त्याचा हक्क काढा, तरीही नाही तर सेफ मोडमध्ये जाऊन काढा. आयफोनवर "व्हायरस आहे" असे रिमाइंडर येत असतील तर बहुतेक ते कॅलेंडरचं सबस्क्रिप्शन असतं, कॅलेंडर ॲपमध्ये जाऊन ते अनसबस्क्राइब करा, विषय संपला.

राहिला तुमचा फॉरमॅटचा प्रश्न. वरचं सगळं करून, पॉलिसी गेली, एक्स्टेन्शन गेली, टास्क गेले, तर शेवटी क्रोमचं रीसेट एकदा मारा. त्यात बुकमार्क, हिस्टरी आणि सेव्ह केलेले पासवर्ड जात नाहीत, एक्स्टेन्शन बंद होतात, साइटच्या परवानग्या आणि कुकीज जातात, म्हणजे सगळीकडे परत लॉग इन करावं लागेल. फायरफॉक्समध्ये ह्यालाच रिफ्रेश म्हणतात आणि तो जुन्या डेटाचा एक फोल्डर डेस्कटॉपवर ठेवून देतो, आठवड्याभरात काही अडलं नाही तर उडवून टाका. पुढच्यासाठी एक चांगला ॲडब्लॉकर ठेवा, फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन, क्रोममध्ये आता त्याचंच लाइट व्हर्जन चालतं, कारण ह्यातल्या बऱ्याच सापळ्यांच्या पानांवर माणूस जाहिरातीतूनच पोचतो.

फॉरमॅट मी दोनच वेळा करायला सांगतो. एक म्हणजे पॉलिसी किंवा टास्क काढल्यावर परत परत उगवतायत आणि ऑफलाइन स्कॅनने पण थांबत नाहीत. दुसरं म्हणजे ते रनमध्ये चिकटवायचं प्रकरण झालेलं आहे आणि त्या मशीनवर बँकेचं किंवा ऑफिसचं काम चालतं. तेव्हा फोटो आणि डॉक्युमेंट तेवढे बाहेर काढा, डाउनलोड्स फोल्डरमधल्या ईएक्सई फाइली घेऊ नका, विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून बनवलेल्या पेनड्राइव्हवरून टाका, तोही दुसऱ्या मशीनवर बनवलेला, आणि क्रोममध्ये साइन इन केल्यावर सिंक चालू करताना एक्स्टेन्शनसमोरची टिक काढून ठेवा. आधी मात्र त्या चार टेस्ट करा आणि कोरी प्रोफाइल, एज आणि हॉटस्पॉटवर काय काय दिसलं ते लिहा, पॉलिसीच्या पानावर काही ओळी असतील तर त्याही. मग नेमकं पुढचं सांगता येईल.